आखाजीच्या आधीचा आंबा

जिजी, परवा शहाद्याहून आंब्याची पेटी आली. यांनी ती ओट्यावर टेकवली आणि हात धुवायला गेले, तेवढ्यात घरभर वास सुटला. दरवर्षी या वेळी मी काय करते ते तुम्हाला चांगलं ठाऊक आहे. पिकलेला पहिला आंबा हुडकायचा, उभ्या उभ्या चोखायचा आणि कोय तुम्हाला दिसेल अशी ताटलीत ठेवायची. तुम्ही कपाळाला हात लावायचात. आखाजीला घागर भरावी, घरातल्या गेलेल्या माणसांना आंबा वाढावा आणि मगच आपण तोंडाला लावावा, हा आपल्या सगळ्या खान्देशाचा नेम. तो मोडायची हौस अख्ख्या प्रकाशा गावात एकट्या मला. शाळेत मी पोरांना ‘अक्षय्य तृतीया’ असं फळ्यावर लिहून द्यायची, त्यावरही तुम्ही हसायचात. “आखाजी म्हन ना वं मास्तरीन. इतलं लांब नाव लेता लेता सन निंघी जाई.”

या वेळी पेटी तशीच आहे. मी हात लावलेला नाही.

तुम्हाला जाऊन महिना होत आला. तुमच्याबद्दल कोण काय बोललं, किती माणसं आली, ते मी लिहिणार नाही. तुमची धाकटी जाऊ म्हणून तीस वर्षं तुमच्या शेजारी चुलीपाशी बसले, आणि त्या तीस वर्षांत तुमची एकच गोष्ट मी गावाला अर्धी सांगितली. ती पुरी करायची राहिली. तेवढ्यासाठी हे.

आपलं भांडण कधी मिटलंच नाही. मी म्हणायची, “जिजी, पितर काय आंबे मोजाले येतस का?” तुम्ही मिरच्यांची देठं खुडत खुडत, मान वर न करता म्हणायचात, “मोजाले नही येतस. पन आपुन थांबनूत का नही, ते आपले ते माहीत ऱ्हास ना.” मी बी.एड. झालेली, तुम्ही चौथी शिकलेल्या. आणि तुमचं हे वाक्य मी अजून मनात घोळवते आहे. यांचे थोरले भाऊ, आपले दादा, गेल्यापासून तर तुमचा हा नेम आणखी कडक झाला. बाजारात आंब्याच्या हातगाडीजवळून जाताना तुम्ही तोंड फिरवायचात, आणि मी मुद्दाम भाव विचारायला थांबायची. असला माझा स्वभाव. तुम्ही तो खपवून घेतलात, यासाठी पहिले आभार.

मागच्या वर्षी तुमच्या सोनलने आपल्याला बँकॉकला बोलावलं. पोरगी तिकडे नोकरीला लागली, तिला आईला तिथली गंमत दाखवायची होती, आणि तुम्ही हट्ट धरलात की मास्तरीन आली तरच मी येईन. मला वाटलं, इंग्रजी येणारं कुणीतरी सोबत हवं म्हणून. आपण पॅसेंजरने सुरतेला गेलो, तिथून विमान. विमानात तुम्ही दशम्या आणि लसणाची चटणी सोडलीत आणि पुढच्या दोन रांगांतल्या लोकांनी माना वळवल्या. मी शरमेने खिडकीबाहेर बघत होते. तुम्ही मात्र पलीकडच्या सीटवरच्या बाईला अर्धी दशमी देऊन मोकळ्या झालात आणि ती बोटं चाटत हसली.

सोनल दिवसभर ऑफिसात. तिने मला एक फोन दिला, तुम्हाला एक चिठ्ठी. चिठ्ठीवर तिथल्या लिपीत दोनच गोष्टी लिहिलेल्या होत्या, घराचा पत्ता आणि ‘आम्ही मांस, मासे, अंडं खात नाही’. ती तुम्ही कमरेच्या बटव्यात ठेवलीत. मग आपण दोघी गाडीने शहर बघायला निघालो. ती गाडी रस्त्याच्या डोक्यावरून धावायची. खाली दुकानं, देवळं, झाडं, माणसं, आणि आपण घरांच्या दुसऱ्या मजल्यांना समोरासमोर बघत चाललेलो. मी दांडा घट्ट धरून उभी. तुम्ही खिडकीशी बसून, जणू खांडबाऱ्याहून नवापूरला बाजाराला निघाल्यात.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की यात तुम्ही मास्तरीन आणि मी चौथी. तुमचं बालपण खांडबारा स्टेशनच्या रेल्वे क्वार्टरमध्ये गेलेलं, वडील गँगमन. गाडी म्हणजे तुमचं अंगण. स्टेशनांची नावं इंग्रजीतही लिहिलेली होती, पण ती इतकी लांब की मी निम्मं वाचेपर्यंत दार लागायचं. “तुन्ही इंग्रजी बी अडकी ऱ्हायनी का?” म्हणून तुम्ही हसलात आणि पदराचं टोक हातात घेतलंत. एक स्टेशन गेलं की एक गाठ. परतताना प्रत्येक स्टेशनाला एक गाठ सोडायची, शेवटची सुटली की उतरायचं. वडिलांनी शिकवलेलं. मी हसले खरी, पण तीन दिवस आपण त्या गाठींवर फिरलो आणि एकदाही चुकलो नाही.

पहिल्याच सकाळी तुम्ही मला वडिलांचा आणखी एक नियम सांगितलात, अगदी बोट उगारून. “ध्यान धर. चुकामूक व्हयनी ते जो मागे ऱ्हायना त्यानी जागा सोडानी नही. जो पुढे गया त्यानी मागे येवानं. दोन्ही फिरनात ते दोन्ही चुकनात.” मी मान डोलावली. शाळेत पोरं माझ्यापुढे जशी डोलावतात तशीच.

त्या तीन दिवसांत आपण काय काय खाल्लं! तो पपईचा खेळ आठवला की मी अजून एकटी हसते. स्टेशनच्या जिन्याखाली एक बाई लाकडी उखळात कच्ची पपई कुटत होती. तुम्ही जागच्या जागी थांबलात. आपल्या शेतात पपयांचे ढीग पडतात, पण कच्ची पपई कुणी अशी चवीने कुटून खाईल हे आपल्या स्वप्नातही नव्हतं. “आठला लोक कच्ची पपई खातस?” तुम्ही चिठ्ठी दाखवलीत. तिने मान हलवून माशाच्या रसाची बाटली बाजूला सारली, लिंबू पिळलं, शेंगदाणे टाकले आणि एक एवढीशी मिरची उचलून तुमच्याकडे बघितलं. तुम्ही दोन बोटं दाखवलीत. तिने भुवया वर केल्या. तुम्ही तीन दाखवलीत. नंदुरबारला मिरची वाळत घालतात त्या पथारीवर निम्मं आयुष्य लाल मिरची खुडलेल्या बाईला ती बिचारी घाबरवायला निघाली होती. तुम्ही शांतपणे वाटी संपवलीत. मी एक घास घेतला आणि डोळ्यांतून, नाकातून, जिथून जिथून पाणी येऊ शकतं तिथून आलं. शेवटी तिने मुसळ तुमच्या हातात दिलं आणि पुढच्या गिऱ्हाईकाची पपई तुम्ही कुटलीत. तुमच्या दोघींत एका शब्दाचीही भाषा नव्हती. मी दोन भाषा शिकवलेली बाई, लिंबूपाणी पीत बाजूला उभी.

दुसऱ्या दिवशी आपण साध्या आगगाडीने शहराबाहेर जाऊन आलो. उघड्या खिडक्या, छताला गरगरणारे पंखे, टोपल्या घेऊन डब्यातून फिरणाऱ्या बाया. तुम्ही त्या बायांकडचं केळीच्या पानात भाजलेलं काहीतरी घेतलंत, आत गोड भात आणि केळं निघालं, आणि तुम्ही म्हणालात की हे आपल्या भुसावळ पॅसेंजरमध्ये विकलं तर एक टोपली नंदुरबारपर्यंतही पुरणार नाही. परदेश म्हणजे काहीतरी चकचकीत, आपल्याला न झेपणारं, असं मी घरून धरून आले होते. तुमच्या शेजारी बसून बघितलं तर तिथेही कुणाची तरी सासू कुणाला तरी केळं सोलून देत होती. हे मला एकटीला कधी दिसलं नसतं. दुसरे आभार यासाठी.

आणि मग तिसरा दिवस.

दोन मार्ग जिथे मिळतात त्या मोठ्या स्टेशनावर आपल्याला गाडी बदलायची होती. फलाटावर बाणांच्या मागे लोक ओळीत उभे होते, आतले उतरेपर्यंत कुणी हलत नव्हतं. मीही शहाण्यासारखी ओळीत. पण गाडी आली आणि तुमच्यातली खांडबाऱ्याची पोर जागी झाली. गाडी दिसली की आधी जागा धरायची! तुम्ही लोकांच्या बगलेतून आत शिरलात, एका सीटवर स्वतः बसलात, शेजारच्या सीटवर दशम्यांची पिशवी ठेवलीत आणि काचेतून मला हात केलात. “ये, ये! जागा धरेल शे!” मी उतरणाऱ्यांना वाट देत होते. दार लागलं. गाडी निघाली, आणि तुम्ही पिशवीवर हात ठेवून तशाच माझ्याकडे बघत गेलात.

जिजी, तुमचा नियम मला आठवायला हवा होता. मी मागे राहिलेली, मी जागा सोडायची नव्हती. पण ती म्हातारी, ना भाषा, ना फोन, कुठल्या कुठे जाईल, असं मनात आलं आणि मी पुढची गाडी पकडली. पुढच्या स्टेशनावर तुम्ही नव्हतात. त्याच्या पुढच्याही नव्हतात. कशा असणार? तुम्ही पहिल्याच स्टेशनावर उतरून, पलीकडच्या फलाटावरून परतीची गाडी धरून माझ्याकडे निघालेल्या. मी मात्र तुमच्यापासून लांब लांब धावत होते. सोनल फोन उचलेना. माझ्या पदराला गाठी नव्हत्या. मी किती स्टेशनं गेले तेही मला सांगता येईना, आणि त्या लांबलचक नावांतलं आपलं नाव कुठलं तेही.

एका शाळकरी मुलीला मी रडत रडत फोनमधला, गाडी बदलायला उतरलो तेव्हा काढलेला त्या मोठ्या स्टेशनाचा फोटो दाखवला. तिने मला हाताला धरून बरोबर गाडीत बसवलं. परत पोचले तेव्हा दीड तास होऊन गेला होता.

तुम्ही त्याच फलाटावर, त्याच बाणापाशी, बाकावर बसला होतात. मांडीवर पिशवी.

“मी ते आठेच व्हतू,” तुम्ही बाकावर थाप मारत म्हणालात. “तू कथी गयथी?”

मी पन्नाशी ओलांडलेली बाई, चार लोकांत हमसून हमसून रडले. तुम्ही रागावला नाहीत. मला धरून जिना उतरवलात. सकाळपासून माझ्या पोटात काही नव्हतं. तुमच्या दशम्याही संपलेल्या. तुम्ही त्या दीड तासात फलाटावरच्या झाडूवालीला खाऊ घातल्या होत्या. जिन्याखाली एकच हातगाडी होती, आंबा आणि भात विकणारी. चिकट तांदळाचा वाफवलेला भात, त्यावर नारळाचं घट्ट दूध, बाजूला पिवळाधमक आंबा कापून ठेवलेला, वर भाजलेली मुगाची डाळ. तुम्ही चिठ्ठी दाखवून एक ताटली घेतलीत आणि माझ्यापुढे धरलीत.

मी ताटली तुमच्याकडे परत ढकलली. रडू थांबेना. आणि लहान पोरासारखा मी हट्ट धरला, तो मला आज आठवतो आणि माझी मान खाली जाते. मी म्हणाले, “तुम्ही खाशात तव्हयच मी खासू.”

तुम्ही ताटलीकडे बघितलंत. आखाजीला महिना होता. तुमच्या उभ्या आयुष्यात आखाजीच्या आधी आंबा तुमच्या तोंडाला लागला नव्हता. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मग हात जोडलेत, त्या रस्त्यावर, त्या धावत्या गाड्यांच्या खाली, आणि दादांशी बोललात. रोज संध्याकाळी दिवा लावताना बोलायचात तशाच आवाजात. “आहो, माफ करज्यात. पोर भुकी शे.”

आणि तुम्ही आंब्याची फोड तोंडात घातलीत. दुसरी माझ्या तोंडात.

हे मी कुणाला सांगितलं नाही. मी काय सांगितलं, तर त्याच्या पुढचं. मी खायला लागले तशा तुम्ही हसलात आणि म्हणालात, “आते मोडनंच शे ते पोटभर मोडू दे,” आणि दुसरी ताटली मागवलीत. नारळाच्या दुधात मीठ किती, तांदूळ किती वेळ भिजवायचा, ते सगळं हातवारे करून त्या बाईला विचारलंत. परत गेल्यावर खांडबाऱ्याच्या बाजारातून चिकट तांदूळ आणून करू, असा बेतही आपला ठरला. गमतीचा भाग एवढाच होता, आणि मी गावात तेवढाच सांगितला.

आखाजीच्या दिवशी घरात बाया जमलेल्या. घागरीवर डांगर म्हणजे खरबूज ठेवलेलं, सांजोऱ्या तळून झालेल्या. मला सगळ्यांसमोर बोलायची हुक्की आली. “आमच्या जिजी नेमाच्या म्हणे! बँकॉकला दोन ताटल्या आंबा हाणला त्यांनी!” बाया हसल्या. तुम्हीही हसायला लागला होतात. तेवढ्यात आपल्या चुलत नणंद शेवंताआक्का बोलल्या, “मन्हा भाऊना तोंडले आंबा लागाना पहिले तुन्हा तोंडले लागना का वं?”

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. एक वाक्य मी बोलले असते, की त्यांनी तो माझ्यासाठी खाल्ला, तर झालं असतं. मी बोलले नाही. भेकड होते म्हणा, की आपण परदेशात हरवून रडलो हे बायांना कळू नये म्हणून म्हणा. दोन्ही खरं. आणि तुम्हीही बोलला नाहीत. तुमच्या तोंडून ते निघालं असतं तर माझी फजिती झाली असती, म्हणून तुम्ही टोमणा गिळलात. दुपारी घागरीपाशी तुम्ही दादांच्या नावाने आंबा वाढलात आणि पुन्हा एकदा हात जोडलेत. मी बघितलं.

आठ दिवस तुम्ही कामापुरतं बोललात. नवव्या दिवशी मिरच्या खुडताना म्हणालात, “सांगानंच व्हतं ते बठ्ठं सांगानं व्हतं.” अर्धं नाही, सगळं. तेवढंच बोललात. मग मला चहा दिलात आणि सगळं पूर्ववत झालं, म्हणजे तुमच्या बाजूने झालं. माझ्या बाजूने नाही. वर्षभर रोज शेजारी बसून मी ‘चुकलं’ एवढा शब्द काढू शकले नाही. त्या भाताचं नावही नंतर आपण कुणी काढलं नाही. शेवटच्या आजारात मी तुमच्या उशाशी बसून तोंड उघडलं, तर तुम्ही म्हणालात, “ऱ्हाऊ दे वं. माले माहीत शे.” तुम्हाला माहीत होतं ते ठीक, जिजी. बाकीच्यांना माहीत नाही ना.

परवा सोनलचा फोन आला. आखाजीला येते म्हणाली. आईच्या नावाने घागर भरायची, तर ताटात काय काय वाढायचं, काकू, आईला सगळ्यात काय आवडायचं? यांनी सांगितलं, खापरावरची पुरणपोळी आणि रस. ते होईलच. पण कालच मी खांडबाऱ्याला जाऊन आले. एकटी, पॅसेंजरने. पूर्वी मी एकटी नंदुरबारलाही जायची नाही. आता जाते, पदराला गाठी मारत जाते, आणि लोक बघतात तर बघू देत. हे तिसरे आभार, आणि सगळ्यात मोठे. बाजारात एका कोकणी आदिवासी बाईकडे चिकट तांदूळ मिळाला. नारळ घरात आहे. मीठ किती घालायचं, ते तुम्ही बोटाच्या पेराने दाखवलेलं मला आठवतं.

तुमच्या नावाने जेवायला कुणाला बसवायचं, यावर घरात चर्चा चालली होती. मी सांगितलं, शेवंताआक्कांना. यांनी चमकून माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, त्याच पाहिजेत. त्यांना पाटावर बसवीन, आधी आंबा आणि भात वाढीन, आणि घास त्यांच्या हातात असताना सगळ्या बायांसमोर बठ्ठं सांगेन. फलाट, माझं रडणं, माझा हट्ट, तुमचे जोडलेले हात, सगळं. शेवंताआक्कांना वाईट वाटावं म्हणून नाही. त्यांनी त्यांच्या भावाची बाजू घेतली होती. तुमची बाजू घ्यायची होती ती मी.

आखाजीला आठ दिवस आहेत. पेटीतले आंबे रोज थोडे थोडे पिकताहेत, सकाळी दार उघडलं की पहिला तोच वास येतो. हात जातो आणि मी मागे घेते. पितर येतात की नाही, यावर आपलं भांडण अजून मिटलेलं नाही; मी काही एका महिन्यात बदलले नाही. पण नियम तुमचा आहे. जो पुढे गेला त्याने मागे यायचं, जो मागे राहिला त्याने जागा सोडायची नाही. तुम्ही नेहमीसारख्या घाईने पुढे गेलात, माझी जागा धरायला.

या वेळी मी इथेच आहे, जिजी. आंब्याला हात न लावता बसले आहे. तुम्ही या.